गाणं संपलं असं वाटतं तिथे

रविवार, २ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद. ते उत्तम आहेत की नाहीत हे तूच ठरव. असली पारख तुझ्या ताईकडे होती.

आज दुकान बंद. साडेसहाला उठलो. चहा केला. पाणी पुन्हा दोन कपांचं घातलं गेलं, म्हणून दोन्ही कप मीच प्यायलो. खिडकीच्या काचा पुसल्या. जेवणानंतर शर्टाचं बटण तुटलं. मग तुला पत्र लिहायला बसलो, कारण तूच बजावलं होतंस की फोनवर तुम्ही फक्त 'हो' आणि 'बरं' म्हणता, त्यापेक्षा कागदावर तरी बोला.

बटणाचंच सांगतो. ते शोधायला तिच्या शिवणयंत्राचा खण उघडला. बटणं मिळाली, पण त्यांच्याखाली एक पाकीट मिळालं. त्यात दोन तिकिटं. तिच्या त्या चौघांच्या कार्यक्रमाची. तुमच्या माहेरच्या खोलीत भिंतीवर ज्यांचं पोस्टर होतं तो रॉक बँड. कार्यक्रम ऑक्टोबरात व्हायचा होता, पण ड्रमवाल्याच्या कमरेचं ऑपरेशन निघालं म्हणून तो पुढे गेला. आता २३ फेब्रुवारीला, रविवारी दुपारी चार वाजता, आमच्या इथल्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आहे. जुनी तिकिटं चालतील अशी चिठ्ठी खालच्या फळ्यावर लावली आहे, मी जाऊन वाचून आलो. हॉल केवढा आहे हे तू पाहिलंयस. बुद्धिबळाच्या स्पर्धा आणि डोळे तपासणीची शिबिरं होतात तोच. एकशेवीस घडीच्या खुर्च्या, आणि समोरच्या भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी. दुपारची वेळ का, तर त्या चौघांना हल्ली लवकर झोपावं लागतं म्हणे.

पाकिटावर तिच्या अक्षरात लिहिलंय, 'ह्यांना विचारायचंय.' तारीख ऑगस्टची आहे. तिने विचारलं नाही. सप्टेंबरात ती गेली.

तुला आठवत असेल, बारा वर्षांपूर्वी ते चौघे मोठ्या मैदानावर आले होते, तेव्हा तिने विचारलं होतं. मी म्हटलं होतं की लोकांचे कान तपासून पोट भरणाऱ्या माणसाला असल्या आवाजात बसणं परवडत नाही, कान हेच माझं हत्यार. ती हसली आणि उठून कपडे घड्या करायला गेली. एकटीही गेली नाही. घरात तर मी टेपच्या आवाजाच्या बटणावर पांढऱ्या रंगाचा ठिपका करून ठेवला होता, की ह्याच्यापुढे फिरवायचं नाही. एकोणीस वर्षं तिने त्या ठिपक्यापर्यंतच गाणी ऐकली. हे तिच्या मनात राहिलं असेल का, एवढंच मला कळायला हवं आहे, आणि विचारायला आता कोणी नाही.

टेप अजून तसाच आहे. शेवटच्या संध्याकाळी ती तिचं आवडतं गाणं ऐकत होती. ते संपलं तसं नेहमीप्रमाणे मी बटण दाबलं आणि आम्ही बोलत बसलो. सकाळी ती उठली नाही. तेव्हापासून मी त्या यंत्राला हात लावलेला नाही, फक्त वरची धूळ पुसतो.

तिकिटं तुझी आहेत असं समज. तू ये आणि जाऊन ये. मी तुला हॉलच्या दारापर्यंत सोडीन आणि खाली वाचनालयात वर्तमानपत्र वाचत बसेन.

तुझी झाडं आणि तू, दोघांनी तब्येतीला जपावं. माया आहे ती राहू दे, वाढवायचा आग्रह नाही.

भाऊजी


गुरुवार, ६ फेब्रुवारी

ती. भाऊजींस,

सा. न. वि. वि. त्यातलं साष्टांग यंदा जमणार नाही, नमस्कार तेवढा बसल्या जागेवरून घ्यावा. माझा डावा पाय प्लास्टरात आहे. नर्सरीत वेलाची कुंडी टांगायला स्टुलावर चढले, कुंडी वर राहिली आणि मी खाली आले. सहा आठवडे. तुम्हाला कळवलं नाही, कारण फोनवर तुम्ही 'बरं' म्हणाला असता. गिऱ्हाईकं रोपं घ्यायला येतात आणि प्लास्टरवर सह्या करून जातात. एका आजोबांनी तर माझ्या पोटरीवर शेवंतीला पाणी किती घालायचं ते लिहून ठेवलंय, घरी गेल्यावर विसरतात म्हणून, आणि दर दोन दिवसांनी वाचायला येतात.

तेव्हा मी येत नाही. तुम्ही जायचंय. दारापर्यंत नाही, आत.

पोस्टरवरून आठवलं. लग्नाआधी तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात तेव्हा त्या चार केसाळ माणसांकडे बराच वेळ बघून ताईला अगदी अदबीने विचारलं होतंत, की हे तुमचे नातेवाईक का. मी दाराआड होते. हसू आवरेना म्हणून तोंडात ओढणी कोंबली होती. तुम्ही गेल्यावर बाबांनी ताईला विचारलं की मुलगा कसा वाटला. ती म्हणाली, हा माणूस माझ्याशी कधी खोटं बोलू शकणार नाही, त्याला जमणारच नाही. आणि झाडू गिटारसारखा धरून खोलीभर नाचली. तिचं ठरलं ते त्या झाडूवर.

दोन तिकिटं आहेत, तर दुसऱ्या खुर्चीवर छत्री ठेवून बसाल, मी ओळखून आहे. तसं करू नका. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या मोठ्या बाईंना घेऊन जा. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, तुमच्या जमिनीला काठीने खालून ठोकणाऱ्या त्याच. हसू नका, मी गंभीरपणे लिहितेय. एकोणीस वर्षं त्या आवाजाचा त्रास ज्यांनी सोसला, त्यांना एकदा तो त्रास समोरून बघायचा हक्क आहे. शिवाय त्या शेजारी असल्या की तुम्ही मधेच उठून पळणार नाही. त्या उठूच देणार नाहीत.

कानात बोळे घालायचे असतील तर खुशाल घाला, तेवढी सूट देते. पण सगळं बघून या आणि मला लिहा. काही गाळायचं नाही. मी इथे पाय वर करून पडलेय, मला दुसरं काही काम नाही.

तिच्या मनात काय होतं ते मलाही सगळं माहीत नाही. जे माहीत आहे ते तुम्ही जाऊन आल्यावर सांगेन. ही लाच आहे असं समजा.

प्रेम तुमचं आहेच, ते उतू जाईपर्यंत तापवलं तरी हरकत नाही.

आपली,
धाकटी (एकपायी)


शनिवार, २२ फेब्रुवारी

प्रिय एकपायीस,

अनेक आशीर्वाद, त्यातले निम्मे पायासाठी.

मोठ्या बाईंना विचारलं. चार दिवस जिन्यात भेटायचं टाळलं, पाचव्या दिवशी त्यांनीच दार उघडून विचारलं की तुम्ही माझ्या दारापाशी पावलं हळू का टाकता. मी एका दमात सगळं सांगितलं. त्या बराच वेळ माझ्याकडे अशा बघत राहिल्या, की गृहपाठ केला नाही हे मी कबूल करून टाकीन असं मला वाटलं. मग म्हणाल्या, कडेची खुर्ची हवी, स्वतःची उशी आणणार, आणि पावणेचारला निघायचं म्हणजे पावणेचारलाच.

त्यांच्या कानांचा मात्र मी विचार केला. मंगळवारी त्यांना दुकानात बोलावून दोन्ही कानांचे साचे घेतले आणि त्यावरून आवाज अडवणारे मऊ रबराचे दट्टे करून दिले, माझ्यासाठी करतो तसेच. साचा घट्ट होईपर्यंत पाच मिनिटं हलायचं नसतं. त्या हलल्या नाहीत. उलट समोर बसलेलं एक चुळबुळं गिऱ्हाईक त्यांच्याकडे बघून ताठ बसलं.

आज दुकानात एक विचित्र प्रकार झाला, तो लिहितो, कारण तू काही गाळायचं नाही म्हणालीस. दुपारी एक बाहेरगावचा गृहस्थ आला. साठी उलटलेली, पांढरे केस मागे बांधलेले, बोटांना घट्टे. त्याच्या उजव्या कानाचं मशीन शिट्टी मारत होतं आणि उद्या चार वाजता त्याला कामावर हजर व्हायचं होतं. म्हटलं, रविवारीसुद्धा राबवतात, बिचारा. मशीनची नळी बदलली, साच्याची कड घासून दिली, आणि आलाच आहे तर श्रवण तपासून घेऊ म्हणून आवाजबंद खोलीत बसवला. तुला माहीत आहे, आत बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं असतं. हा गृहस्थ शिट्टी नसतानाही दाबायचा. टक टक, टक, टक टक. मी तीनदा तपासणी पुन्हा केली. शेवटी काचेवर टकटक करून विचारलं की हे काय चाललंय. तो ओशाळून म्हणाला, सवय.

तपासणीचा कागद बघून माझं डोकंच फिरलं. वरच्या पट्टीतलं जवळजवळ काही उरलेलं नाही. विचारलं, काय काम करता. म्हणाला, उभ्याने असतं, मोठ्या आवाजाच्या शेजारी, पस्तीस वर्षं झाली. मला वाटलं, कापडाची गिरणी. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, कान काय पुन्हा उगवतात का, आणि अजून शहाणे असाल तर वरिष्ठांशी बोलून आवाजापासून लांबची जागा मागून घ्या. तो म्हणाला, वरिष्ठ कोणी नाही, आम्ही चौघेच आहोत, आणि बाकीचे तिघे ऐकणार नाहीत. मी म्हटलं, मग तिघांनाही घेऊन या, त्यांचेही तपासतो. तो इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. जाताना म्हणाला, घरी गाणी ऐकता का. मी म्हटलं, मी नाही, माझी बायको ऐकायची. तो थांबला. 'ऐकायची' ह्या शब्दावर लोक थांबतात हे आता मला ठाऊक झालंय. मग त्याने माझा हात हातात घेतला आणि निघून गेला. भला माणूस. फाईलवर मी 'गिरणी' असं लिहून ठेवलंय.

उद्यासाठी राखाडी कोट इस्त्री केला. तो तिला आवडायचा असं काही नाही, माझ्याकडे तो एकच आहे.

काही झालं तरी मध्यंतरापर्यंत बसेन. त्यानंतरचं वचन देत नाही.

जपून राहा, आणि माझी आठवण कुंडीच्या उंचीवर न टांगता हाताशी ठेव.

भाऊजी


सोमवार, २४ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,

आशीर्वाद वगैरे परवाच्याच पाकिटातले चालव.

आज दुकानात बारा गिऱ्हाईकं झाली. दोन जणांनी विचारलं की काल हॉलमध्ये उभे राहिलेले तुम्हीच का. आता सुरुवातीपासून सांगतो.

पावणेचारला निघालो. बाईंच्या काखेत उशी. हॉल भरलेला, बहुतेक आमच्याच वयाचे. कोणाचे गुडघे दुखतायत, कोणी चष्मा विसरलंय, आणि सगळ्यांच्या अंगात त्या चौघांच्या चित्रांचे सदरे, पोटावर ताणलेले. 'शांतता राखा'च्या पाटीखाली माणसाच्या उंचीचे दोन काळे स्पीकर. आम्हाला तिसरी रांग मिळाली. मी दट्टे घातले. बाईंनी त्यांचे डबीतून काढले, बघितले, डबीत ठेवले आणि पर्स बंद केली.

चौघे आले. खरं तर आता तिघेच उरलेत. चौथा, पेटीसारखं वाद्य वाजवणारा, तीन वर्षांपूर्वी गेला, त्याच्या जागी ड्रमवाल्याची पुतणी वाजवते. त्यांनी मधे एक खुर्ची रिकामी ठेवली होती आणि तिच्यावर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या. मला ते बरं वाटलं, की जागाही ठेवली आणि वापरातही ठेवली.

आणि गिटार गळ्यात घालून सगळ्यांत शेवटी कोण आलं असेल? माझा गिरणी कामगार.

धाकटे, जमीन दुभंगावी म्हणजे काय ते मला काल कळलं. मी कोटात जेवढं मावता येईल तेवढा मावलो. पण तिसऱ्या रांगेत कुठे लपणार? त्याने मला बघितलं, उजव्या कानाला बोट लावलं आणि मान डोलावली, म्हणजे मशीन चांगलं चाललंय. दुसऱ्या गाण्यानंतर त्याने माइकवरून सगळ्यांना सांगितलं, की काल एका जाणकार गृहस्थांनी मला आवाजापासून लांबची जागा मागून घ्यायला सांगितलं. मी ह्या तिघांना विचारलं. अर्ज नामंजूर झाला. सगळा हॉल हसला. बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं, तेच बघणं.

आता बाईंचं. तिसऱ्या गाण्याला त्यांचे ओठ हलताना दिसले. मला वाटलं, त्या पुटपुटतायत, निघायची वेळ झाली. मी एक दट्टा जरा सैल केला. त्या गात होत्या. एकूण एक शब्द, एकूण एक गाणं, मान ताठ ठेवून, प्रार्थनेला उभ्या असल्यासारख्या. ड्रमवाला कुठे थांबणार, गिटार कुठे ओरडणार, सगळं त्यांना आधी ठाऊक.

मग तिचं गाणं आलं. हळू सुरू होतं, मग चढत जातं, मग एकदम थांबतं, ते. एवढ्या मोठ्याने मी ते कधी ऐकलं नव्हतं, पण ओळखलं. थांबलं तसा मी उठलो आणि टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. आणि लक्षात आलं, की एकशेवीस माणसांत मी एकटा उभा आहे, एकटा टाळ्या वाजवतोय, आणि बाकी सगळे श्वास धरून बसलेत. बाईंनी माझ्या कोटाचा मागचा भाग पकडून खेचला आणि संबंध हॉलला ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाल्या, की खाली बसा, अजून अर्धं राहिलंय.

अजून अर्धं राहिलं होतं, धाकटे.

ड्रम आला आणि सगळं पुन्हा सुरू झालं, पहिल्यापेक्षा मोठं, आणि चालही वेगळी, दार उघडून कोणीतरी बाहेर अंगणात आल्यासारखी. मी बसायचं विसरलो. दट्टे कधी काढले ते कळलं नाही. पुढची चार मिनिटं मी तसाच उभा होतो. मागच्या माणसाने दोनदा खांद्याला हात लावला, मग बहुतेक त्याने नाद सोडला.

घरी येताना बाई उशी काखेत घेऊन चालत होत्या. मी विचारलं की तुम्हाला सगळी गाणी कशी पाठ. त्यांनी सांगितलं, की तुम्ही साडेनऊला दुकानात जायचात आणि दहाला माझं छत हलायला लागायचं. पहिली दोन वर्षं मी काठीने ठोकलं ते बंद करा म्हणून. तिसऱ्या वर्षी मला एकदा ताप आला होता, तेव्हा ते लांब गाणं लागलं आणि संपलं, आणि मी दोन ठोके दिले ते पुन्हा लावा म्हणून. तिने लावलं. तेव्हापासून तसंच ठरून गेलं. त्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. मग जिन्यापाशी थांबून बाईंनी विचारलं, की पाच महिने झाले, तुमचं यंत्र बिघडलंय का, दुरुस्त करून घेत नाही का. मी म्हटलं, बघतो.

म्हणजे ठिपक्याचं दुःख मी उगाच करत होतो, ती रोज सकाळी ठिपक्याच्या पार पलीकडे जाऊन येत होती. हे कळून मला इतकं हसू आलं की जिन्यात कठडा धरावा लागला. पण वर आलो आणि दुसरी गोष्ट डोक्यात आली, ती काही जात नाही.

मी साडेसहाला घरी यायचो. हात धुवायचो. तोवर तिचं ते गाणं चालू असायचं, हळू. मी दारात उभा राहून संपायची वाट बघायचो, कारण मधेच बंद करणं बरं नाही. ते थांबलं की मी बटण दाबायचो. एकोणीस वर्षं, धाकटे. एकोणीस वर्षं मी रोज तिचं गाणं अर्ध्यावर बंद केलं, आणि वर स्वतःला समजूतदार समजलो. सगळं जग ज्या ठिकाणी श्वास धरून बसतं तिथे मी बटण दाबत होतो, आणि कान हे माझं हत्यार! तिने एकदाही सांगितलं नाही. का नाही सांगितलं? मला ती इतका बहिरा समजत होती का?

तू लाच कबूल केली होतीस. मी गेलो, बसलो, जरुरीपेक्षा जास्त उभाही राहिलो. आता सांग.

भाऊजी


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

ती. भाऊजींस,

सा. न. वि. वि., आणि ह्या वेळी शक्य तितकं साष्टांगच. तुमची दोन्ही पत्रं हसण्यात प्लास्टर उशीवरून घसरलं. गिरणी! अहो, त्या माणसाचं तोंड तुमच्या सासुरवाडीच्या भिंतीवर दहा वर्षं होतं. त्याला तुम्ही आमचा नातेवाईक समजला होतात. दोनदा भेट झाली आणि दोन्हीदा चुकलात. तिसऱ्यांदा भेटला तर त्याला काहीही समजू नका, नुसतं नाव विचारा.

ते शेवंतीचे आजोबा आले होते, त्यांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, तुमच्या भाऊजींना इकडे बोलवा, माझेही कान बघू देत. मी म्हटलं, ओरडून घ्यायची तयारी ठेवा.

आता लाच.

तीन वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे आठ दिवस राहिले होते. पहिल्याच संध्याकाळी तुम्ही आलात, हात धुतलेत, दारात उभे राहिलात, आणि बरोब्बर त्या जागी बटण दाबलंत. मी उडालेच. तोंड उघडणार तेवढ्यात ताईने टेबलाखालून माझा पाय दाबला. हाच, डावा. रात्री मी तिच्याशी भांडले. म्हटलं, सांगून का टाकत नाहीस, एवढं तुझं जीव की प्राण गाणं, आणि रोज त्याचा गळा दाबू देतेस.

ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते, कारण मी ते विसरले नाही. ती म्हणाली, त्यांच्याशी दिवसभर लोक ओरडून बोलतात. घरी येतात तेव्हा त्यांना बोलायचं असतं, हळू आवाजात, पण गाणं चालू असेल तर ते बोलत नाहीत, थांबतात. गाणं संपलं असं वाटलं की ते बटण दाबतात, खुर्ची ओढतात आणि सांगायला लागतात, आज कोण आलं, कोणाचा साचा बसला नाही, कोणत्या म्हातारीला दहा वर्षांनी चिमणी ऐकू आली. अजून चार मिनिटं आहेत असं सांगितलं, तर हा माणूस चार मिनिटं तसाच दारात ओला हात घेऊन उभा राहील. मग भूक लागेल, मग बातम्या लागतील, आणि चिमणी राहून जाईल. उरलेलं गाणं मला सकाळी मिळतं. हे संध्याकाळीच मिळतात.

मी म्हटलं, मग ते गाणं संध्याकाळी लावतेसच कशाला, दुसरं लाव. ती म्हणाली, दुसरी गाणी कुठे थांबतात ते त्यांना कळत नाही.

भाऊजी, म्हणजे ती मुद्दाम लावत होती. रोज. तुम्ही थांबवावं म्हणून. तुमचा जिना वाजला की कॅसेट मागे घ्यायची, म्हणजे तुमचे हात धुऊन होईतो गाणं त्या जागेवर येतं. ते तिने वर्षानुवर्षं जमवून आणलं होतं. मी त्या आठ दिवसांत घड्याळ लावून बघितलं, एकदाही चुकलं नाही.

बारा वर्षांपूर्वीच्या मैदानाचं मात्र तिला वाईट वाटलं होतं. ते मी लपवत नाही. खोटं तुम्हालाही जमत नाही आणि मलाही. दोन दिवस ती माझ्याशी फोनवर तुमच्याबद्दल वाट्टेल ते बोलली, ते मी लिहीत नाही, पोस्टाने पाठवण्यासारखं नाही. तिसऱ्या दिवशी ती दुसरंच काहीतरी बोलत होती. आणि पाकिटावर 'विचारायचंय' लिहिलंय त्याचा अर्थ एवढाच, की बारा वर्षांनीसुद्धा तुम्ही हो म्हणाल असं तिला वाटत होतं. उशीर झाला तरी तुम्ही म्हणालात.

हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. पण ती तिची माझ्याकडची शेवटची गुपितं, ती संपवायला माझा हात होईना. आता तुमच्याकडे ठेवलीत, सांभाळा.

पत्र येत राहू दे. लोभाचं म्हणाल तर माझ्याकडे लावायला जागा भरपूर आहे, तुम्ही रोपं पाठवा.

आपली,
धाकटी


बुधवार, ५ मार्च

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद. आता उत्तम आहेत असं मीच म्हणतो.

तुझं पत्र सकाळी आलं. दुकानात नेलं, खिशातच ठेवलं. नऊ गिऱ्हाईकं. सात वर्षांच्या एका मुलीला पहिल्यांदा मशीन बसवलं. तिने सगळ्यांत आधी काय ऐकलं असेल तर माझ्या खुर्चीची करकर, आणि मला सांगितलं की तुमची खुर्ची रडतेय. तेल घातलं. गिरणीची फाईल काढून दुरुस्त केली. व्यवसायाच्या रकान्यात 'गिटार' लिहिलं, आणि शेऱ्यात, जागा बदलण्यास नकार.

साडेसहाला घरी आलो. हात धुतले. तुझं पत्र तिथेच, दारात उभ्यानेच वाचलं. दोनदा वाचलं. कागदावर पाण्याचे डाग आहेत, ते हातांचे.

मग टेपपाशी गेलो. बटण दाबलं. काहीच आलं नाही. वाटलं, इतके महिने बंद राहून बिघडला. हात पुढे गेला होता. मग आठवलं की मी ते कुठे थांबवलं होतं, आणि हात मागे घेतला. सप्टेंबरपासून कॅसेट तिथेच होती, त्या शांततेत.

मग ड्रम आला.

आवाज ठिपक्याच्या किती पुढे फिरवला होता ते तुला सांगत नाही. संपूर्ण ऐकलं. संपल्यावर खरंच संपलंय का म्हणून आणखी थोडा थांबलो, हल्ली माझा भरवसा नाही. मग खुर्ची ओढली आणि त्या मुलीचं आणि रडणाऱ्या खुर्चीचं सांगितलं. कोणाला ते तू समजशील. हळू आवाजात सांगितलं.

मैदानाबद्दल तू लपवलं नाहीस ते बरं केलंस. तेवढं माझ्याकडे राहू दे, ते माझंच आहे.

प्लास्टर निघालं की ये. बाईंनी तुझ्यासाठी एक जास्तीची उशी काढून ठेवली आहे, कशासाठी ते त्या सांगत नाहीत. स्टुलावर चढू नकोस. आणि हे पत्र वाचून झालं की आजोबांनाही दाखव, आता माझं असं काही राहिलेलं नाही.

भाऊजी

ता. क. : पाकीट चिकटवायला घेतलं तेवढ्यात खालून दोन ठोके आले. कॅसेट मागे फिरवून येतो, मग चिकटवतो.